भुऱ्याचा सोमवार

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास महालिंगअप्पांच्या किराणा दुकानापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोनपेठहून आलेली एस.टी. हॉर्न वाजवून वाजवून थकली, आणि शेवटी ड्रायव्हरच खाली उतरून गर्दीत टाचा उंचावून उभा राहिला. एवढी माणसं जमली होती ती एका कुत्र्याला ओकताना बघायला. माणसाला रिकामा वेळ मिळाला की तो काय बघत बसेल याचा नेम नाही.

ओट्यावर अप्पांचा भुऱ्या उभा होता. सहा वर्षांचा, मातकट रंगाचा, एक कान कायम पडलेला. चार महिन्यांत त्याच्या बरगड्या मोजता येण्यासारख्या झाल्या होत्या. त्याच्यासमोर वाघाच्या छापाच्या चादरीवर परमेश्वर महाराज बसले होते. आईबापांनीच नाव परमेश्वर ठेवल्यामुळे महाराज होण्याचं निम्मं काम बारशालाच उरकलं होतं; उरलेलं निम्मं दाढीनं केलं. शेजारी त्यांचा चेला पंडित तांब्या घेऊन उभा.

"पाज तीर्थ!" महाराज गरजले.

पंडितनं भुऱ्याचा जबडा फाकवून अख्खा तांब्या घशात रिकामा केला. कुत्रं कळवळलं, मान ताणली, त्याचं पोट दोनतीनदा आत ओढलं गेलं आणि ते भडाभडा ओकलं. त्या पाण्यात काहीतरी काळं होतं. पंडितनं काडीनं ते उचलून सगळ्यांना दाखवलं. अंगठ्याएवढा केसांचा पुंजका, त्यावर लाल दोऱ्याच्या तीन गाठी.

गर्दीतून एकच हाय निघाली. बायकांनी तोंडाला पदर लावले आणि पन्नासेक मोबाईल वर झाले.

"बघा! बघून घ्या!" महाराजांना आता चांगलाच चेव आला होता. "एक्सरे काढा, सोनोग्राफी काढा, डॉक्टरला हे दिसंल का? डॉक्टरची नजर चामड्यापतूर, आमची चामड्याखाली! ही करणी कुत्र्यावर केलेली न्हाई. ही अप्पांवर केलेली, मुक्या जिवानं आपल्या अंगावर घेतली. न्हाईतर दर मंगळवारीच का वकतंय? मंगळवार कुणाचा? देवीचा! अन् अप्पांची म्हातारी माय भागम्मा गेली तवापासूनच का वकतंय? हाय का जवाब?"

लोक एकमेकांकडं बघू लागले. महाराजांना तेच तर हवं होतं.

मागच्या खेपेला त्यांनी उताऱ्याला काळी कोंबडी मागितली होती. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग. ते दोन पावलं मागं सरकले. तेव्हा महाराजांनी डोळे मिटले, देवाशी काहीतरी बोलणी केली आणि कोंबडीचा कोहळा करून घेतला. देवही फार समजूतदार निघाला.

"करणारी कोण हाय, महाराज?" कुणीतरी विचारलं.

"नाव आमी घेत न्हाई. उगवतीच्या अंगाला ऱ्हाती. दारात शेरडं. अन् ह्या कुत्र्याला सवताच्या हातानं घास चारती."

आता नाव घ्यायचं बाकी काय राहिलं होतं? सगळ्या माना एकाच वेळी वळल्या. गर्दीच्या कडेला नर्मदाबाई उभ्या होत्या. पासष्टीची धनगरीण, पांढरेशुभ्र केस, हातात शेळ्या हाकायची काठी. भुऱ्याचं काय होतंय हे बघायला त्या आल्या होत्या.

"अरं, मी त्याला भाकर घालते," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं झाली घालायलेय. माझ्याच कुत्रीचं पिल्लू हाय ते."

"केस काळे हायेत अन् म्हातारी पांढरी," मागून एक जण पुटपुटला.

"जवानीतले साठवलेले!" महाराज तिथल्या तिथं म्हणाले, आणि लोकांना ते पटलंही.

घराच्या दारात अप्पांची बायको महेश्वरी उभी होती. नर्मदाबाईंनी तिच्याकडं बघितलं. त्यांची भाकरी कशी असते, ज्वारीची, कडेला थोडी करपलेली, हे महेश्वरीला माहीत होतं. संध्याकाळी ती भाकरी खाऊन भुऱ्या मिशा चाटत घरी यायचा हेही माहीत होतं. तिनं बोलायला हवं होतं. पण नवरा समोर हात जोडून उभा, गाव समोर, आणि तो केसांचा पुंजका खरोखरच कुत्र्याच्या पोटातून निघालेला. ती बोलली नाही.

महाराजांनी निकाल दिला. पुढच्या मंगळवारी दुसरी आणि शेवटची करणी निघेल. त्या वेळी बाईनं इथं येऊन नाक घासायचं, करणी मागं घेतली म्हणून कबूल करायचं. नाही केलं तर गाव सोडायचं. "अन् दोनी न्हाई केलं, तर कुत्र्यामागं अप्पांचा नंबर!" अप्पांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तोवर कुत्रं साखळीला, त्या घरचा घास बंद, फक्त दूध आणि साखर. लाल फडक्यात बांधलेला एक लाडू महाराजांनी महेश्वरीच्या हातात दिला, मागच्या वेळी दिला होता तसाच. "मंगळवारी उजाडायच्या आत चारायचा, अख्खा. फोडायचा न्हाई. फोडला तर करणी घरधन्यावर उलटती."

महेश्वरीनं तो देवघरात नेऊन ठेवला, इतक्या जपून की जणू तो तिच्याकडं बघत होता.

पुढचे चार दिवस वाईट गेले. नर्मदाबाईंचं शेळीचं दूध कुणी घेईना. नळावर त्या आल्या की बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला होत. कुणीतरी त्यांच्या शेळ्यांच्या कुडाचा कोपरा उपटून टाकला. त्यांचा मुलगा मल्हारी मेंढरं घेऊन नदीपलीकडं लांब गेलेला, म्हातारी एकटी. आणि साखळीला बांधलेला भुऱ्या दूध-साखरेवर दिवसेंदिवस खंगत चालला. आधी फक्त मंगळवारी ओकायचा, आता एक दिवसाआड ओकू लागला.

शुक्रवारी महेश्वरी न राहवून परड्याच्या बाजूनं तिकडं गेली. नर्मदाबाई लुगडी गाठोड्यात बांधत होत्या.

"मावशी, हे काय?"

"मल्हारीकडं जाते. नाक घासायचं व्हायचं न्हाई माझ्यानं. जे केलं न्हाई ते कबूल कसं करू?" त्यांनी गाठ आवळली. "भुऱ्या खायलाय का?"

महेश्वरीला रडू आलं. ज्या बाईला गाव हाकलायला निघालंय ती कुत्र्याचं खाणं विचारते, आणि आपण कुत्र्याची मालकीण म्हणवणारी दारात मुकी उभी होतो. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेनंच तिला थोडं धैर्य दिलं.

"मंगळवारपतूर थांबा," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

शनिवारी अप्पा दुकानाचा माल आणायला परभणीला गेले. कुत्र्याला डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं की ते म्हणायचे, "जनावराचा डॉक्टर गाई-म्हशीला असतोय." त्यामुळं महेश्वरीनं त्यांना विचारलंच नाही. भागवतची ऑटो बोलावली, भुऱ्याला पोत्यावर झोपवलं आणि सोनपेठचा जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर निकिता तिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी भुऱ्याच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, ताप बघितला आणि मग खुर्ची ओढून महेश्वरीसमोर बसल्या. तीर्थ, केस, नर्मदाबाईंची भाकरी, सगळं ऐकून घेऊन विचारपूस सुरू झाली तेव्हा महेश्वरीला वाटलं, या बाई कुत्र्यापेक्षा मलाच तपासायल्यात.

"कधीपासून ओकतंय?"

"सासूबाई गेल्या तवापासून. चार महिने."

"कोणत्या वेळेला?"

"पहाटे. पिवळं, फेसाळ. दर मंगळवारी."

"सोमवारी काय खातो?"

"सोमवारी उपास असतोय."

"कुणाचा?"

महेश्वरीच्या आवाजात नकळत जरासा अभिमान आला. "आमच्या घराचा. अन् भुऱ्याचा बी. तो सोमवार पाळतो, डॉक्टर. सासूबाई म्हणायच्या, मागल्या जन्मीचा कुणीतरी शिवशरण हाय. लोक पाया पडतेत त्याच्या."

डॉक्टरांनी भुऱ्याच्या पडलेल्या कानामागं खाजवलं.

"म्हणजे सोमवारी दिवसभर चूल पेटत नाही, आणि त्याला कुणी काही देत नाही."

"संध्याकाळी देतो की. उपास सोडताना साबुदाण्याची खिचडी. शेंगदाण्याचा कूट घालून."

"हिरवी मिरची, तूप?"

"असतंय."

"आणि त्या भाकरी घालणाऱ्या आजी?"

"त्या सोमवारी बाजारला जातेत शेरडं घेऊन. मुक्कामालाच ऱ्हातेत…" महेश्वरी बोलता बोलता थांबली.

"सासूबाई असताना सोमवारी दुपारी त्याला काही मिळायचं का? आठवून सांगा."

आठवायला कष्ट पडले नाहीत. भागम्मा पूजेनंतर आपल्या वाटणीचं अर्धं दूध जर्मनच्या वाटीत ओतून ओट्यावर ठेवायच्या. त्या गेल्यावर ती वाटी फडताळात गेली, ती गेलीच.

"बाई," निकिता म्हणाल्या, "पोट फार वेळ रिकामं राहिलं की पित्त वर चढतं. माणसालाही चढतं. त्यात दिवसभराच्या उपाशी पोटी तेलकट-तिखट खिचडी. मंगळवारी पहाटे तो ओकणार नाही तर काय करेल? त्याला वार कळत नाही. तुम्ही पाळता तो वार त्याच्या पोटाला कळतो."

"पण मग ते केस? लाल दोऱ्याचे? म्या डोळ्यानं बघितलेत."

"दोरा लाल होता ना? रंग टिकलेला, गाठी घट्ट?"

"व्हय."

"चार महिने पोटात राहिलेल्या दोऱ्याचा रंग असा ताजा राहील का? ते त्याच दिवशी पोटात गेलेलं असणार. त्या सकाळी काय खाल्लं होतं त्यानं?"

महेश्वरीच्या तोंडचं पाणी पळालं. "लाडू," ती म्हणाली. "म्याच चारला."

डॉक्टरांनी औषध दिलं. तांब्याभर खारट पाणी बळजबरीनं पाजलं की कुठलंही कुत्रं ओकतं, आणि त्यात जिवाला धोका असतो, म्हणून पुन्हा कुणाला पाजू देऊ नका, असं बजावलं. खाणं सांगितलं: दिवसातून तीनदा, थोडं थोडं, मऊ भात नाहीतर भाकरी, बिनमसाल्याचं वरण; कांदा, साखर, तिखट काही नाही. "अंडं दिलंत तर उत्तम."

"आमच्यात चालत न्हाई."

"मग आजींकडे चालेल," निकिता हसून म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर महेश्वरी हसली नाही. तिला एकच गोष्ट राहून राहून दिसत होती. दर सोमवारी दुपारी भुऱ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसायचा, थंड चुलीकडं बघायचा, मग मान पंजांवर टाकून डोळे मिटायचा. शेजारपाजारच्या बायकांना ती बोलावून दाखवायची, "बघा, ध्यान लावलंय." ते ध्यान नव्हतं. त्याला भूक लागली होती. मुका जीव चार महिने दारात बसून मागत होता आणि तिनं त्याला साधू केलं होतं. पोत्यावर झोपलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून ती सगळी वाट रडली. भागवतनं आरशात बघितलं आणि ऑटो हळू चालवली.

सोमवारी तिनं स्वतःचा उपास केला आणि चूल पेटवली.

अप्पा दुकानातून आत आले. "सोमवारी तवा?"

"भुऱ्यापुरता."

"अगं, त्याचा उपास मोडायलीस!"

"मोडू द्या. पाप लागलं तर मला लागंल."

अप्पा चडफडले, पण तव्यावरची भाकरी उचलून फेकण्याएवढे ते वाईट नव्हते. भुऱ्यानं दुपारी वरणभाकरी खाल्ली, संध्याकाळी मऊ भात.

मंगळवारी पहाटे महेश्वरी कंदिलासारखा मोबाईल धरून अंगणभर फिरली. साखळीपाशी, तुळशीमागं, न्हाणीच्या कडेला. चार महिन्यांत पहिल्यांदाच मंगळवारी अंगण कोरडं होतं. भुऱ्यानं तिच्याकडं बघून शेपटी आपटली.

"बघितलं का?" ती अप्पांना म्हणाली. "वकला न्हाई."

"लाडवाचा गुण!" अप्पा भक्तिभावानं म्हणाले.

लाडू देवघरात जसाच्या तसा होता. आदल्या दोन दिवसांत तिनं चार वेळा फडक्याच्या गाठीला हात घातला होता आणि चारही वेळा मागं घेतला होता. करणी घरधन्यावर उलटते हे शब्द एकदा कानात शिरले की डॉक्टर काहीही सांगो, ते निघत नाहीत. शिवाय एकटीनं फोडला तर कोण विश्वास ठेवणार? आणि आत नुसताच गूळ निघाला तर? तर मग नर्मदामावशीचं गाठोडं तयारच होतं. तिनं लाडू पदराखाली घेतला.

दहा वाजता गर्दी मागच्यापेक्षा दुप्पट. पोलीस पाटील तात्याराव पुढं खुर्ची टाकून बसलेले. नर्मदाबाई काठी टेकून मधोमध उभ्या; त्यांच्या भोवती हातभर जागा सगळ्यांनी रिकामी सोडली होती.

महाराजांनी विचारलं, "लाडू चारला का, माय?"

महेश्वरीनं नुसती मान डोलावली. आयुष्यात तिनं खोटं फार कमी वेळा सांगितलं होतं.

"मंग आज दुसरी करणी! केसांचं कडं निघंल, वर काळा दोरा, सात गाठी!"

"कुठून निघंल, महाराज?" तिनं विचारलं.

"कुठून म्हंजे? कुत्र्याच्या पोटातून!"

"आत्ता हाय का ते पोटात?"

"हाय म्हंजे? चार महिन्यापासून हाय! मला इथून दिसायलंय. पंडित, पाज तीर्थ!"

"थांबा." ती भुऱ्याच्या पुढं येऊन उभी राहिली, आणि पदराखालचं लाल फडकं तिनं ओट्यावर ठेवलं. "कुत्र्यानं लाडू खाल्ला न्हाई. ह्यो इथं हाय."

महाराजांचं तोंड उघडंच राहिलं. "फोडू नको! घरधन्यावर उलटंल!"

"महेश्वरी!" अप्पा ओरडले.

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही अंगठ्यांनी लाडू दाबला. वरचं पीठ-गुळाचं टरफल फुटलं. आत मेणकागदाची पुडी होती. तिनं ती उलगडली. केसांचं कडं. काळा दोरा. तिनं गाठी मोठ्यानं मोजल्या, एक, दोन, तीन… सात.

मोबाईल अजून वर होतेच. ते आता महाराजांकडं वळले.

"ही बी करणीच! तिनंच लाडवात…" पंडित पुढं काही बोलणार तोच महेश्वरीनं त्याच्या हातातल्या तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. किराणा दुकानदाराची बायको ती. "मीठ," ती म्हणाली. "मूठभर. तीर्थ हाय नव्हं? घ्या महाराज, तुमी प्या तांब्याभर. बघू तुमच्या पोटातून काय निघतंय."

कुणीतरी हसलं, मग दुसरं हसलं. महाराजांनी चादर गोळा करायला घेतली.

"केस कुणाचे हायेत म्हणता?" महेश्वरी बायकांकडं वळली. "विंचरलेल्या केसांचं गुंतवळ फेरीवाल्याला देऊन पोरांना फुगे कोण घेतंय? म्या घेते, तुमी बी घेता. ह्यात माझे असतील, तुमचे बी असतील. मंग आपण सगळ्याच चेटकिणी का?"

महाराज आणि पंडित आपल्या जीपकडं सरकत होते. तात्यारावांनी खुर्ची उचलली ती नेमकी जीपच्या दारापुढं टाकली. "बसा महाराज. पोलिसांना फोन केलाय. जादूटोण्याचा कायदा हाय, त्याचं बी तीर्थ घेऊन जा." मागच्या मंगळवारी हेच तात्याराव पहिल्या ओळीत हात जोडून उभे होते. आता सगळं गाव म्हणत होतं, मला आधीपासूनच शंका होती. एवढ्या शंका गावात होत्या, तर त्या आठवडाभर कुठल्या फडताळात ठेवल्या होत्या कोण जाणे.

लोक पांगायला लागले तेव्हा महेश्वरी म्हणाली, "अजून संपलं न्हाई. बाबा लबाड, पण मंगळवार खरा होता. त्या वकारीला बी कारण होतं, अन् ते मी हाय." तिनं सगळं सांगितलं. सोमवार, खिचडी, भागम्मांची वाटी, उंबऱ्यावरचं ध्यान, डॉक्टरांनी सांगितलेलं खाणं, अंड्यासकट. "तुमी ज्याच्या पाया पडत व्हता तो उपाशी होता. सहा दिवस मावशीच्या भाकरीनं त्याला जगवलं, अन् जिनं जगवलं तिलाच आपण चेटकीण केलं."

अप्पांनी मान खाली घातली. गळ्यातलं लिंग हातात धरून ते नर्मदाबाईंपुढं गेले आणि वाकले.

नर्मदाबाई त्यांच्याकडं बघत नव्हत्या. "त्या दिवशी तू दारात हुबी व्हतीस," त्या महेश्वरीला म्हणाल्या.

"व्हते."

"बोलली न्हाईस."

"न्हाई बोलले, मावशी."

म्हातारीनं काठी उचलली आणि ती शेळ्यांकडं निघून गेली. गाठोडं सोडलं, पण आठवडाभर महेश्वरीशी बोलली नाही. हक्क होता तिचा. लाडू फोडायला एक क्षण पुरतो. गावानं तोडलेलं माणूस इतक्या लवकर जुळत नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी महेश्वरी चूल पेटवत होती तेव्हा दारात काठीचा आवाज आला. नर्मदाबाई बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी उंबऱ्यावर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवली, कडेला थोडी करपलेली, आणि एक उकडलेलं अंडं.

"अंडं बाहीर ओट्यावर घाल," त्या म्हणाल्या. "तुझं घर बाटायला नको. दुपारी घाल. लय वेळ उपाशी ठिवू नको त्याला."

भुऱ्या ओट्यावर बसून मिशा चाटत होता. त्याला ना सोमवार कळत होता ना मंगळवार, आणि कळायची गरजही नव्हती. ज्याला उपास करायचा त्यानं खुशाल करावा. देवानं तो दुसऱ्याच्या पोटाला सांगितलेला नाही. घरातलं कुणी आजारी पडलं, माणूस असो की जनावर, तर आधी त्याच्या ताटात काय पडतं ते बघावं, मग डॉक्टरकडं जावं. शेजारणीच्या दाराकडं बोट दाखवायची वेळ येत नाही.